बाहेरची चादर मोजत नाहीत

धुलाईघरात कोणाचा कोणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. ज्याच्या त्याच्या चहाच्या कपाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा. साबणाच्या पुड्यावर पेनाने रेघ, कुठवर उरलाय त्याची. जेवायला बसलं की आधी डब्याचं झाकण जसं लावलं होतं तसंच आहे ना ते बघायचं, मग घास. नवीन माणसाला पहिले काही दिवस हे विचित्र वाटायचं. मग तोही बाजारातून दोरा घेऊन यायचा.

जागा म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे गाठोडी बांधून खाली येत आणि धुऊन, वाळून, घडी होऊन परत वर जात. खाली आलेलं मोजून घ्यायचं आणि वर गेलेलं मोजून द्यायचं हे जिचं काम तिला सगळे मोजणीवाली म्हणत. मोजायची तिची पद्धत सगळ्या धुलाईघराचीच होती. गाठोडं ज्या चादरीत बांधलेलं असतं ती धुलाईघराची. वॉर्डाच्या हिशेबात ती येत नाही. म्हणून गाठ सोडताना मोठ्याने ओरडायचं, "शून्य!" म्हणजे ही बाहेरची, ही धरायची नाही. मग आतला पहिला कपडा उचलला की "एक". मोजणीवाली एवढी वर्षं शून्य ओरडत आली होती की घरी पिशवीतून भाजी काढतानाही तिच्या तोंडून ते निघून जायचं आणि नवरा म्हणायचा, "शून्य कसं? मी पैसे देऊन आणलीय."

भांडणाचं मूळ होतं रविवारची पाळी. रविवारी सगळ्यांना सुट्टी, पण ऑपरेशनं काही रविवार बघून थांबत नाहीत. तेव्हा कोणीतरी एकाने येऊन रक्ताने माखलेले कपडे वेगळे करून भिजत घालायचे. ते काम कोणालाच नको असायचं. पूर्वी त्यासाठी साबणाच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी काढत. पण कोणी म्हणे चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता. कोणी म्हणे बॉयलर सांभाळणाऱ्या बॉयलरमामांच्या चिठ्ठीला तेलकट वास येतो, नाक असलेला माणूस ती बरोब्बर टाळतो. एकदा पाळ्यांच्या अदलाबदलीवरून इतकं पेटलं की डबा भिंतीवर जाऊन चेपला. त्या दिवशी मुकादमाने दोन नियम केले. अदलाबदल बंद, आणि चिठ्ठी बंद.

"ताई, तुम्ही कॉम्प्युटर शिकताय म्हणे," तो मोजणीवालीला म्हणाला. "त्यालाच काढू द्या नाव. त्याला ना सासर, ना माहेर."

ती शिकत होती हे खरं. लेक नोकरीला लांब गेली तेव्हा आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली, आणि रिकाम्या घरात मोजणीवाली त्यावर धडे बघत बसायला लागली. नवरा आधी हसला. मग तिने कॉम्प्युटरकडून त्याच्याच नावाने "नमस्कार" लिहवून दाखवला तेव्हा गप्प झाला.

तर तिने घरी एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने काय करायचं त्याच्या सूचना, लिहिली आणि धुलाईघरात तिच्या टेबलावर हिशेबाचा कॉम्प्युटर होता त्यावर घातली. एका फाइलमध्ये सगळ्यांची नावं, एका ओळीत एक. स्क्रिप्ट चालवली की कॉम्प्युटर मनाला येईल ती एक ओळ उचलणार आणि दाखवणार. नावं टाइप करताना तिने मुद्दाम स्वतःचं सगळ्यात वर घातलं. उद्या कोणी म्हणायला नको, बाईनं स्वतःला शेपटाकडे लपवलं. आमचं लपवाछपवीचं काम नाही, हे तिला पहिल्या ओळीतच सांगायचं होतं.

सुरुवातीला मधूनच नावाऐवजी लाल अक्षरांचा एरर यायचा. लोक लगेच एकमेकांकडे बघायचे. तिने दोन संध्याकाळी डोकं घातलं तेव्हा कळलं की कॉम्प्युटर कधीकधी फाइलच्या शेवटच्या ओळीच्याही पुढची ओळ मागतोय, जी तिथे नाहीच. मग काय, तिने "एकपासून जेवढी नावं तेवढ्यापर्यंत" असं जे लिहिलं होतं त्यातला वरचा आकडा एकने कमी केला. लाल अक्षरं गेली ती परत आली नाहीत. डबा खाताना तिने हे सगळ्यांना समजावलं. कोणाला काही कळलं नाही, पण घडीवाली कौतुकाने म्हणाली, "काही म्हणा, आमची मोजणीवाली म्हणजे काम चोख."

घडीवाली तिची मैत्रीण. एवढ्या मोठ्या चादरीची घडी दोघींशिवाय नीट होत नाही; मोजणी संपली की मोजणीवाली दुसरं टोक धरायला जायची. चादर झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. या येण्या-जाण्यात दोघींच्या घरचं सगळं बोलून व्हायचं. धुलाईघरात दोरा नसलेले दोनच कप होते, ते या दोघींचे.

महिन्यांमागून महिने गेले. शुक्रवारी जेवणानंतर सगळे मोजणीवालीच्या खुर्चीमागे उभे राहत. ती बटण दाबी, नाव येई, एक जण कपाळाला हात लावी, बाकीचे सुटल्यासारखे पांगत. स्वतःचं नाव आलं नाही की मोजणीवाली मनातल्या मनात हात जोडायची. देवाने एवढं तरी ठेवलंय आपल्याकडे, असं तिला वाटायचं, आणि ती खरंच कृतज्ञतेने घरी जायची.

मग घडीवालीचं नाव लागोपाठ आलं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा तिने पदराने तोंड पुसलं आणि निघून गेली.

तिच्या घरी सासू होती, कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. कामाच्या दिवशी एक बाई येऊन बसायची, पण रविवारी तिची सुट्टी. म्हणजे घडीवालीची पाळी लागली की म्हातारी बाहेरून कुलूप लावलेल्या घरात एकटी. तिसऱ्या रविवारी घडीवाली परतली तर कशीबशी सरपटत निघालेली म्हातारी न्हाणीच्या दारात पडलेली, कधीची कोण जाणे. ओरडून ओरडून आवाज बसला होता.

सोमवारी चादर धरली तेव्हा घडीवाली पहिल्यांदाच गप्प होती. दोघी जवळ आल्या, टोकं जुळली, आणि टोकं हातात धरूनच तिने विचारलं, "एक विचारू? तुझं नाव कधी आलं गं?"

मोजणीवालीने मान वर केली. "माझं?"

"तुझं. मशीन आल्यापासून. एकदा तरी?"

"नशिबाचा भाग आहे गं तो."

"हो ना. तुझ्या नशिबाला कॉम्प्युटर येतो, माझ्या नाही."

तिने चादर खाली ठेवली आणि दुसरी घडी करायला बॉयलरमामांना हाक मारली.

त्या दिवसापासून मोजणीवाली नळापाशी गेली की बोलणं थांबायचं. जेवायला घडीवाली खांबाच्या पलीकडे बसू लागली. मंगळवारी मोजणीवालीने घडीवालीच्या कपाकडे बघितलं. त्याच्या कानाला काळा दोरा होता.

तिला रात्रभर वाटत राहिलं, यात कुठंतरी पाणी मुरतंय. आपण तर सरळ काम केलं. मग कोणीतरी यात हात घातलाय. आणि जसा हा विचार आला तसा तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहिला. बॉयलरमामा! दुपारी ती वर वॉर्डात कागद द्यायला जाते तेव्हा तिच्या खुर्चीत कोण बसतं? मामा. तिची चाहूल लागली की झटकन पडद्यावरचं काय घालवतं? मामा. आणि या मशीनमध्ये मामांचं नाव येऊन येऊन किती वेळा आलं? आता सांगता येणार नाही, पण कमीच.

बुधवारी तिने कीबोर्डावर एक केस आडवा ठेवला आणि वर गेली. आली तर केस नाही. ती तशीच बॉयलरकडे गेली.

"मामा, माझ्या कॉम्प्युटरवर काय करता तुम्ही?"

मामांनी वाफेच्या काट्याकडे बघत सांगितलं, "काही नाही."

"केस कुठे गेला मग?"

"केस? बाई, मला टक्कल पडलंय ते दिसतंय सगळ्यांना. त्यावरून आता—"

"मी ठेवला होता कीबोर्डावर. खरं सांगा, नावांच्या फाइलला हात लावता की नाही?"

मामा लालबुंद झाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "पत्ते खेळतो. एकट्याने खेळायचे ते. आणि त्यातही हरतो. जो माणूस एकटा खेळून हरतो तो तुमची फाइल काय बदलणार? आणि हात लावायची अक्कल असती तर माझं नाव गेल्या महिन्यात दोनदा आलं असतं का?" मग थोडं थांबून, तिला नीट न्याहाळत ते म्हणाले, "नाव ज्याचं कधीच येत नाही त्याला विचारा की."

ती तशीच परतली. मामा खोटं बोलत नव्हते हे तिला दिसत होतं, आणि तेच वाईट होतं. आता संशय घ्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

घरी येऊन तिने लेकीला फोन लावला. लेक घाईत होती. "आई, एवढी मोठी फाइल घेऊन काय कळणार? दोन ओळींची फाइल कर. पुन्हा पुन्हा चालव. काय येतंय ते बघ." आणि फोन ठेवला.

तिने दोन ओळी लिहिल्या. सवयीने वर स्वतःचं नाव, खाली नवऱ्याचं. बटण दाबलं. नवरा आला. परत दाबलं. नवरा. परत. नवरा. शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या नवऱ्याने मान लांब करून बघितलं.

"हे काय चाललंय?"

"बघतेय कोणाचं नाव येतं ते."

"माझंच येतंय की. कशासाठी आहे?"

"नकोशा कामासाठी."

"म्हणजे इथेही मीच," तो म्हणाला आणि पेपर वर धरला.

तिला हसू आलं नाही. ती दाबत राहिली, नवरा येत राहिला. एवढा दैवयोग कोणाच्या पत्रिकेत नसतो. मग तिने ओळींची अदलाबदल केली. नवरा वर, आपण खाली. आता नुसतं तिचंच नाव येऊ लागलं.

म्हणजे माणसात काही नव्हतं. जो वर, तो सुटतो.

तिने धड्यांची वही काढली नाही. स्क्रिप्टची ती एकच ओळ बघत बसली जिच्यात तिने आकडे लिहिले होते. एकपासून. एकपासून का? कारण मोजायला सुरुवात एकपासून. पण एकच्या आधी आपण काय म्हणतो? ती गाठ सोडल्यासारखी बोटं हलवत मोठ्याने म्हणाली, "शून्य."

कॉम्प्युटर पहिल्या ओळीला शून्य म्हणत होता. आणि तिने त्याला सांगून ठेवलं होतं, एकपासून धर. म्हणून पहिली ओळ कधी धरलीच जायची नाही, आणि शेवटी एक आकडा जास्तीचा उरायचा, त्याचीच ती लाल अक्षरं होती. बिघाड एकच होता, तो दोन टोकांनी डोकं काढत होता. तिने ओरडणारं टोक दाबलं आणि गप्प बसणारं तसंच ठेवलं. सगळ्यांच्या आधी आपलं नाव घातलं, आणि इतके दिवस बाहेरची चादर होऊन बसली.

आणि देवाचे आभार मानले. ते आठवून तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. आपली चूक ती देवाच्या नावावर जमा करत आली होती.

दुरुस्ती एका मिनिटाची होती. ती केली की शुक्रवारपासून तिचंही नाव येणार, आणि कोणाला काही कळणार नाही. बघा, आलं ना, असं म्हणता येईल. पण तेवढ्यात तिच्या मनात दुसरं आलं, आणि ते जास्त गोड होतं. दुरुस्तीच करायची नाही. नुसतं पहिल्या ओळीत घडीवालीचं नाव ठेवायचं. म्हातारी पुन्हा कधी न्हाणीच्या दारात पडणार नाही. यात पाप कसलं?

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी कामावर आली आणि फाइल उघडून तिने ते केलंसुद्धा. घडीवाली वर, स्वतः खाली. ओळ जागेवर बसली. ती तिच्याकडे बघत राहिली. आता जर मामा येऊन म्हणाले की बाई, तुम्ही फाइलला हात लावता, तर? आजपर्यंत त्यांचं बोलणं खोटं होतं म्हणून ती ताठ मानेने उभी राहू शकत होती. आणि घडीवालीला कळलं तर? जिने नुसत्या संशयाने कपाला दोरा बांधला, तिला आपण खरोखरची लबाडी भेट देणार. तिने नावं परत होती तशी केली. देवाला काही मागितलं नाही. आज त्याच्यावर आणखी काही घालायचं तिला बरं वाटेना.

जेवणानंतर सगळे खुर्चीमागे जमले तेव्हा ती उठून उभी राहिली.

"नाव काढायच्या आधी एक सांगायचंय. माझं नाव आजवर आलं नाही, ते येणारच नव्हतं."

"म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच!" मामा म्हणाले.

"तेच. पण मुद्दाम नाही. सांगते." तिने कोपऱ्यातलं एक गाठोडं टेबलावर ओढलं आणि गाठ सोडली. सगळ्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "शून्य!"

"ही बाहेरची," चादर उचलून ती म्हणाली. "ही आपण धरत नाही. कॉम्प्युटरपण पहिल्या ओळीला शून्य म्हणतो. पण तो ती धरतो. मी त्याला सांगितलं एकपासून धर, आपल्यासारखं. आणि सगळ्यात वर कोण होतं? मी."

लोकांनी गाठोड्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. कळलं सगळ्यांना, लगेच कळलं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं.

"मग सगळ्यात वर नाव घातलंच कशाला?" मुकादमाने विचारलं.

"कोणी म्हणायला नको, बाईने स्वतःला खाली लपवलं, म्हणून."

"हे म्हणजे भारीच झालं," मामा म्हणाले. "लपायचं नाही म्हणून जी जागा निवडली, ती नेमकी लपायची निघाली. आम्हाला का नाही सापडत अशी जागा?"

कोणीतरी हसलं, कोणीतरी नाक मुरडलं. मुकादम चेपलेला डबा शोधायला कपाटाकडे वळलासुद्धा. घडीवाली मागे खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"सरक," ती म्हणाली. "मला दाबू दे. तुझं आणि माझं, दोनच नावं घाल. माझं वर."

तिने स्वतःच्या बोटाने दाबलं. मोजणीवाली. दाबलं. मोजणीवाली. पुन्हा पुन्हा दाबलं, मोजणीवालीच येत राहिली, आणि घडीवालीच्या तोंडावर काहीच दिसेना.

"म्हणजे माझं नाव वर ठेवलं असतंस, तर मी कायमची सुटले असते."

"हो."

"तुला सुचलं नाही?"

मोजणीवालीने तिच्याकडे पाहिलं. "सुचलं. आज सकाळी ठेवलंही होतं. मग काढलं."

घडीवालीने ओठ आवळले. "कर दुरुस्त," एवढंच म्हणाली.

मोजणीवालीने सगळ्यांदेखत एकच्या जागी शून्य लिहिलं. पूर्ण नावांची फाइल लावली. बटण मात्र घडीवालीलाच दाबायला लावलं. लोक टाचा उंच करून बघू लागले.

घडीवाली.

मुकादमाच्या हातात डबा तसाच राहिला. मोजणीवालीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिने तोंड उघडलं, "तुझी पाळी मी—"

"अदलाबदल नाही," मुकादम सवयीने म्हणाला, आणि स्वतःच खाली बघू लागला.

घडीवाली पडद्याकडे बघत होती. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. लोकांना वाटलं रडतेय. ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बाई गं," ती म्हणाली, "हिच्या हातात असतं ना, तर आज माझं नाव मेलं तरी आलं नसतं. आज तर नाहीच नाही." तिने मुकादमाच्या हातातला डबा घेतला आणि परत कपाटात ठेवला. "राहू दे हेच. नालायक आहे, पण कोणाचंच नाही."

मामांना राहवलं नाही. "हिचं नशीब एकदा तपासून घ्या कोणाकडून तरी. तिथेपण कुठेतरी शून्याचा घोळ असेल."

संध्याकाळी चादर धरायला घडीवालीने हाक मारली नाही, पण मोजणीवाली गेली आणि दुसरं टोक धरलं. तिने धरू दिलं. बऱ्याच घड्या झाल्यावर मोजणीवाली म्हणाली, "पाळी घेता येत नाही. पण घरी येऊन बसता येतं की नाही? त्याला मुकादमाचा नियम नाही."

घडीवालीने चादरीची टोकं जुळवली. "म्हातारी संशयी आहे हं. माझ्याहून."

"असू दे. मला आता सराव झालाय."

रविवारी सकाळी घडीवालीने तिला घरात घेतलं, औषधं दाखवली, आणि दाराबाहेर गेली. थोडं थांबली. कुलूप हातात होतं, ते तिने पिशवीत टाकलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, बसका आणि तिखट. "कोण आहे?"

"मी आहे आजी. तुमच्या सुनेबरोबर कामाला असते."

"कॉम्प्युटरवाली?"

"हो."

"जवळ ये, बघू दे." म्हातारीने उशीवरून मान उचलून तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग तिच्या हातांकडे, मग पिशवीकडे. "तीन रविवार माझ्या सुनेला तिकडे डांबलंस, आणि आज इथे कशाला आलीस?"

"बसायला."

"नुसतं बसायला कोणी येतं का?"

मोजणीवालीने चहा केला. म्हातारीला आधार देऊन बसवलं, पाठीशी उशी लावली आणि कप पुढे धरला. म्हातारीने कपात पाहिलं, वास घेतला, आणि कप परत तिच्याकडे सरकवला.

"आधी तू पी."

मोजणीवालीने एक घोट घेतला. म्हातारी डोळे बारीक करून वाट बघत राहिली. काही झालं नाही, तेव्हा तिने हात पुढे केला.